तू येणार म्हणालास तेव्हा

३ फेब्रुवारी

छोट्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत होते. चालत्या गाडीत माझ्याकडे कोणी फोन उचलत नाही, मी शिकवणारी असले तरी नाही. म्हणून आधी शिकायला आलेल्या बाईंना गाडी कडेला घ्यायला लावली आणि मग बोलले. त्या शेजारी कान टवकारून बसलेल्या, म्हणून "बरं, बरं, छान" एवढंच तोंडातून निघालं. तुला वाटलं असेल आईला नीट ऐकूच आलं नाही. आलं. मे महिन्यात कायमचा येतोस, तिथलं घर सोडतोस, आता आईला एकटं ठेवणार नाहीस. शब्द न् शब्द ऐकला.

पत्र का लिहितेय विचारशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हुंकार देते. पत्रात मी बोलते आणि तुला मध्ये तोंड घालता येत नाही. एवढं कारण पुरे.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना लगेच सांगितलं. त्या आता रिटायर झाल्यात आणि माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या वेळा त्याच सांभाळतात. जिन्यातच त्यांनी मला कवेत घेतलं. "झालं ना शेवटी तुमच्या मनासारखं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "झालं खरं." मग त्यांनी इमारतभर सांगितलं. कालपासून जो तो मला थांबवून अभिनंदन करतोय, जसं काही मीच परीक्षा पास झालेय. मी सगळ्यांना सांगते की मला फार आनंद झालाय.

तुझी खोली तशीच आहे. म्हणजे भिंती त्याच आहेत. पलंग होता तो खालच्या चौकीदाराला दिला, त्याची पाठ धरते. त्या जागी लांब टेबल आलंय, सहा खुर्च्या आहेत आणि खिडकीशेजारी रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता लावलाय. कोपऱ्यात भंगारातल्या गाडीचं स्टिअरिंग एका लाकडी घोडीवर ठोकून बसवलंय. नवीन येणाऱ्या बायका आधी त्याच्यावर हात बसवतात, रडायचं असेल तर तिथेच रडून घेतात, मग मी त्यांना रस्त्यावर नेते. तुझी शाळेतली बक्षिसं माळ्यावर खोक्यात आहेत. एकही फेकलेलं नाही.

तू याला "आईचा छंद" म्हणतोस. म्हण. पण दारावर पाटी आहे आणि पाटीवर "फक्त महिलांसाठी" असं लिहिलंय, तेव्हा सकाळी आठ वाजता लुंगीवर खोलीतून बाहेर पडलास तर माझी पंचाईत होईल. हे आपलं आधीच सांगून ठेवते.

बाकी आल्यावर बोलूच.

तुझी आई

२२ फेब्रुवारी

छोट्या,

तिकीट काढलंस का? काढलं नसशील तर जरा थांब. न्हाणीघरातला नळ गळतोय आणि प्लंबर म्हणतो की भिंत फोडावी लागेल. भिंत फोडली की रंग आला, रंग आला की सगळं सामान बाहेर. त्या राड्यात तू आलास तर तुझेच हाल. शिवाय मे महिन्यात माझ्या पाच जणींच्या लायसन्सच्या परीक्षा आहेत. ऑगस्टमध्ये तिकिटं स्वस्त असतात असं नर्सबाईंची भाची सांगत होती. तीन महिन्यांनी असं काय बिघडणार आहे? चौदा वर्षं गेलीच की.

तू फोनवर म्हणालास, "आई, आता ती शाळा बंद कर आणि आराम कर." मी विषय बदलला. इथे बदलत नाही. आराम कशापासून करू? तुझे बाबा गेल्यावर मी एक वर्षभर आराम केला. सकाळी उठायचं, एका माणसाचा चहा करायचा, गॅलरीतून खाली बघायचं. त्या वर्षात मला जितका थकवा आला तितका आठवड्याचे चाळीस तास गाडीत बसून आलेला नाही.

सध्या माझ्याकडे कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाई शिकतात. पन्नाशीच्या आहेत. नवऱ्याचा टेम्पो दारात उभा आहे आणि नवऱ्याची दृष्टी गेलीय, त्यामुळे बाजारातून फुलं आणायला रोज दुसऱ्याच्या मिनतवाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की सोडलं तर गाडी पळून जाईल. मी म्हटलं, "बाई, ती कुठे जात नाही. तुम्ही नेलीत तरच जाणार." आता चढावर गाडी उचलताना मागे सरकू देत नाहीत. गेल्या शनिवारी मी माझ्या बाजूचा ब्रेक तासभरात एकदाही दाबला नाही. घरी येऊन नर्सबाईंना हे सांगताना मी इतकी भरभर बोलत होते की त्यांनी मला पाणी दिलं.

या शहरात माझ्या हाताखालून गेलेल्या बायका गाड्या चालवताहेत, छोट्या. सिग्नलला थांबले की कधीकधी शेजारच्या गाडीतून कोणी तरी हात करतं. मी मान हलवते, फार हसत नाही. मास्तरांनी फार हसू नये.

तर ऑगस्टचं बघ.

तुझी आई

९ मार्च

छोट्या,

आज ख्यालीखुशाली काही नाही, सरळ मुद्द्यावर येते.

मंगळवारी सकाळी फुलवाल्या बाईंचा तास संपवून आम्ही इमारतीखाली गाडी उभी केली. तेवढ्यात एक गृहस्थ आले, गाडीभोवती चक्कर मारली आणि पुढच्या टायरला बुटानं ठोकलं. मी काच खाली केली.

"काय हवंय?"

"गाडी बघायला आलोय. विकायची आहे ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमचे चिरंजीव. ते म्हणाले, आई आता काही चालवणार नाही."

फुलवाल्या बाईंनी घाबरून ब्रेक दाबला. गाडी बंद होती तरी दाबला.

मी म्हटलं, "चिरंजीव परदेशात आहेत आणि गाडी माझ्या नावावर आहे. टायरला पाय लावलात तेवढा पुसून जा."

त्यांनी खरंच रुमाल काढला. बिचारे सभ्य होते. तुझ्या कुठल्याशा मित्राच्या ओळखीतले निघाले.

एवढ्यावर भागलं असतं, पण संध्याकाळी नर्सबाई खाली आल्या आणि इकडचं तिकडचं बोलत बसल्या. त्यांना काही लपवता येत नाही. शेवटी मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या की तुझा त्यांना फोन आला होता. आईला विसरायला होतं का, आई चिडचिड करते का, मी येतो म्हटल्यावर आई टाळाटाळ का करतेय. त्यांनी तुला काय उत्तर दिलं तेही सांगितलं: "त्यांना विसरायला होत असतं तर मी सुखी झाले असते. माझ्या दोन वर्षांपूर्वीच्या चुका त्या अजून काढतात."

माझं डोकं ठिकाणावर आहे. पण टाळाटाळ करतेय हे तू बरोबर ओळखलंस. नळ गळतोय हे खरं आहे, तो दोन वर्षं गळतोय.

मी गाडी का शिकले ते तुला कधी सांगितलं नाही. सात वर्षांपूर्वी तू नक्की येतो म्हणाला होतास, आठवतंय? बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची गाडी खाली कव्हर घालून पडलेली, तू दर फोनला म्हणायचास विकून टाक. माझ्या मनात भलतंच आलं. छोट्याला आणायला भाड्याच्या गाडीत जायचं नाही, मी स्वतः चालवत जायचं आणि त्यानं तोंडात बोट घालायचं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं शिकायला नाव घातलं. शिकवणारे म्हणाले, "आजी, नातवाला पाठवा." मी म्हटलं, नातू नाही, मुलगा आहे, तो लांब आहे, म्हणून तर शिकतेय. क्लच दाबून गुडघा सुजायचा. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. आणि लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात तुझा निरोप आला की नवीन काम मिळालंय, यंदा जमत नाही.

ठरल्या दिवशी मी तरीही विमानतळावर गेले. गाडी लावली, तुझं विमान उतरलं, माणसं बाहेर येत होती ती बघत उभी राहिले. मग तिथला महागडा चहा घेतला आणि परत निघाले. येताना मोठ्या पुलावर मागचा ट्रक सारखे दिवे मारत होता, पुढे हो म्हणून. मी झाले नाही. माझ्या वेगानं आले. पूल संपेपर्यंत मला कळून चुकलं होतं की हे मला येतं आणि आवडतं. त्यात तू कुठेच नव्हतास.

त्यानंतरही दोन-तीन वर्षं तू यावास म्हणून मी झुरत होते, खोटं सांगत नाही. तुझ्या पलंगावरची चादर दर महिन्याला धुवायची. मग कधी तरी ते कमी झालं. कधी, ते सांगता येत नाही, कारण बायका यायला लागल्या होत्या आणि माझं लक्ष नव्हतं. मी धरून चालले होते की ते सगळं आत आहे, तू येतो म्हणालास की उसळून वर येईल. तर तू म्हणालास. फोन ठेवून मी गाडीत तशीच बसून राहिले, आता येईल, मग येईल. काही आलं नाही. आला तो एकच विचार, की आठची बॅच कुठे बसवायची.

जे मागत होते ते मिळतंय आणि मला त्याची गोडी उरलेली नाही. या गोष्टीची लाज वाटते का, ते मी चार-चारदा चाचपून बघितलं. वाटत नाही. वाईट वाटतं, पण ते तुझ्यासाठी.

गाडीला गिऱ्हाईक पाठवू नकोस.

आई

२ एप्रिल

छोट्या,

तीन आठवडे तुझा फोन नाही, आणि मीही केला नाही. तू कोणावर गेलास ते वेगळं सांगायला नको.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तू हातानं लिहिलेलं शेवटचं कधी वाचलं होतं आठवत नाही. "ळ" अजून तसाच काढतोस, पोट सुटल्यासारखा. उभ्या उभ्या वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन बसून पुन्हा वाचलं. चारच्या बॅचला नर्सबाईंनी तक्ता शिकवला. शाळा सुरू झाल्यापासून मी घरात असून वर्गाला गेले नाही असं आज पहिल्यांदा झालं.

नोव्हेंबरात तुमचं ऑफिसच बंद केलं आणि तू मला सांगितलं नाहीस. रोज सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडायचास आणि वाचनालयात जाऊन बसायचास. कोणासाठी रे? तुझी बायको तर चार वर्षांपूर्वी सोडून गेली. घरात बघणारं कोण होतं? तू लिहितोस, "आई, मी तुझ्यासाठी येतोय असं म्हणत होतो, कारण माझ्यासाठी येतोय म्हणायची लाज वाटत होती. आता तुला नको असेन तर दुसरीकडे कुठे तरी बघतो."

हे वाक्य पुन्हा लिहायलासुद्धा नको वाटावं इतकं लागलं. पण म्हणून मागच्या पत्रातलं काही परत घेत नाही. दया आली म्हणून आता "ये रे बाळा, डोळे लागलेत" असं लिहिलं, तर तुला ते पहिल्या ओळीत कळेल आणि मग तू आयुष्यभर माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीस.

मी ज्याच्यासाठी झुरत होते तो अठ्ठावीस वर्षांचा होता. निघताना दारात बूट घालताना शीळ घालत होता. त्याची वाट बघून झाली, तो काही येणार नाही. तू बेचाळीस वर्षांचा आहेस. गेली चौदा वर्षं फोनवर "सगळं मजेत" म्हणणारा तू मला फारसा माहीतच नव्हतास. वाचनालयात बॅग घेऊन बसणारा माणूस मला आज पत्रात पहिल्यांदा भेटला. त्याला भेटायची मला इच्छा आहे. ही जुनी ओढ नव्हे, हे काही तरी आजच सुरू झालंय, त्याला काय म्हणतात ते बघू.

तेव्हा मे महिन्यातच ये. ऑगस्ट बिगस्ट विसर, नळ मी दुरुस्त करून घेते.

पण येताना माझा रखवालदार म्हणून येऊ नकोस. शाळा चालू राहील. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चार ते सहा ती खोली शाळेची, बाकी वेळ तुझी. घडीचा पलंग घेतलाय. मी कुठे गेले, कधी येणार, असं विचारायचं नाही. मी तुला विचारणार नाही. काम शोधायला वेळ लागला तर लागू दे, इथे बॅग घेऊन बाहेर पडायची गरज नाही. नर्सबाईंना सगळं कळेल, त्याला माझा इलाज नाही. कोणी विचारलं तर मी सांगीन, मुलाची नोकरी गेली आणि तो घरी आलाय. खाली मान घालून सांगणार नाही.

विमानाची वेळ कळव. मी आणायला येते.

आई

१४ जुलै

छोट्या,

एकाच शहरात नदीच्या या काठावरून त्या काठाला पत्र टाकतेय म्हणून टपाल कचेरीतली मुलगी हसली. हसू दे. समोरासमोर आपण दोघं अजूनही नळ, गॅस आणि हवामान यांच्यावरच बोलतो.

एक सांगायचं राहिलं होतं. विमानतळावर मी तुला ओळखलं नव्हतं. टक्कल पडलेला एक गृहस्थ ढकलगाडी घेऊन माझ्याकडे यायला लागला तेव्हा मी त्याच्यामागे बघत होते, माझा मुलगा कुठे दिसतो का म्हणून. तू अगदी जवळ येऊन "आई" म्हणालास. मग मी बॅगांची घाई केली, ती त्यासाठी.

गाडीत तू सगळा वेळ पायानं नसलेला ब्रेक दाबत होतास.

"आई, हळू."

"चाळीसवर आहे."

"तरी."

मोठ्या पुलावर तुझा पाय थांबला. पूल उतरल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तू छान चालवतेस गं." मी फक्त गिअर बदलला. नर्सबाईंना मात्र ते वाक्य मी तीनदा ऐकवलंय, चौथ्यांदा त्यांनीच मला म्हणून दाखवलं.

पुढचे सहा आठवडे काही गोड गेले नाहीत, ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे. तू माझा डब्यांचा क्रम बदललास. मी तुझ्या चपला दोनदा जिन्यात नेऊन ठेवल्या. विचारायचं नाही ठरलेलं असताना तू रोज विचारायचास, आणि तू बाहेर गेलास की मीही घड्याळ बघायचे, हे तुला दिसलं नाही ते बरंच झालं. आठची बॅच आली की तू स्वयंपाकघरात कोंडून घ्यायचास आणि बायका कुजबुजायच्या, "मॅडमचे चिरंजीव." एकदा तू चहा करून आणलास, सगळ्यांना, ट्रेमध्ये. त्या दिवशी तक्त्यावर कोणाचंच लक्ष नव्हतं.

फुलवाल्या बाई पास झाल्या तेव्हा तू माझ्याबरोबर परीक्षेच्या मैदानावर आला होतास. त्यांनी टेम्पो आठाच्या आकड्यात फिरवून आणला, साहेबांनी सही केली, आणि त्या माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. मागे टाळ्या वाजल्या. वळून बघते तर तू एकटाच वाजवत होतास, लहान मुलासारखा, डोक्याच्या वर हात करून. घरी येताना तू म्हणालास, "मला वाटलं होतं तू एकटी आहेस." मी म्हटलं, "होते." तेवढ्यावर तो विषय संपला. तितकं स्वच्छ बोलणं आपलं आयुष्यात झालं नव्हतं.

मग तुला तंत्रशाळेत शिकवायचं काम लागलं आणि तू पलीकडे खोली बघितलीस. मला सांगितलंस तेव्हा "बरं झालं" हे मी जरा लवकरच म्हणाले. तुझा चेहरा पडला. मला खरंच बरं वाटलं होतं, आता कशाला लपवू. तू गेलास त्या संध्याकाळी मी टेबल परत मधोमध ओढून घेतलं आणि निवांत पाय पसरून बसले. तेव्हापासून तू दर रविवारी येतोस, जेवतोस, नर्सबाईंच्या तब्येतीची चौकशी करतोस आणि जातोस. मला ते चालतं. तू येणार म्हणून मी काही मुद्दाम करत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

काल तू फोन केलास की या रविवारी जमणार नाही, शाळेतली माणसं तुझ्याकडे जेवायला येताहेत. मी म्हटलं, "काही हरकत नाही, मलाही काम आहे." काम नव्हतं. फोन ठेवला आणि राग आला. भांडी घासली, मग पुन्हा घासली. तासाभरानं लक्षात आलं की हा राग नाही. मला तू हवा होतास. दारात शीळ घालणारा नव्हे, टक्कलवाला, चपला मध्येच सोडणारा, तू. येतो म्हणाला असतास तर कदाचित एवढं वाटलं नसतं. मी अशी आहे. या वयात माझी दुरुस्ती होणार नाही आणि मला करूनही घ्यायची नाही.

पण पुन्हा वाट बघत बसणं मला जमणार नाही, ते एकदा पोटभर करून झालंय. म्हणून पुढच्या रविवारी तू येऊ नकोस, मी येते. अकरा वाजता खाली येऊन उभा राहा. तुमच्या गल्लीत गाडी वळत नाही, शेवटच्या घरापर्यंत जाऊन उलटी बाहेर काढावी लागते. गुरुवारी एका बाईंना अरुंद रस्त्याचा सराव द्यायचा होता, म्हणून त्या बाजूला आले होते. दुसऱ्या मजल्यावर तुझे दोन शर्ट वाळत होते, एकाला चिमटा लावलेला नव्हता. वर आले नाही. तास चालू होता.

तुझी आई